साक्षीदार क्रमांक दोन

वकील म्हणाले, गप्प बसायचा हक्क आहे तुम्हाला,
पण तो स्वतःपुरता.
ज्या उत्तरानं तुम्हीच अडकाल तेवढंच टाळा.
बाकी सगळं सांगावं लागेल.
मी विचारलं, आणि मित्रापुरता?
त्यांनी चष्मा पुसला.
नवऱ्यानं सांगितलेलं बायकोच्या पोटात राहू शकतं,
अशिलानं सांगितलेलं माझ्या.
मित्र म्हणून कायद्यात कोणी नाही.

रबाळ्याच्या पोलीस ठाण्यात
बाकावर बसून मी तेच घोकत राहिलो.
मित्र म्हणून कोणी नाही.
मग घणसोलीच्या मिठागरात बांध फुटला तेव्हा
कमरेइतक्या चिखलातून मला केसांना धरून ओढणारा
पद्माकर मढवी कोण होता?
माझा एक बूट त्या दिवशी खाडीनं ठेवून घेतला
आणि घरी जाताना त्यानं आपलाही एक काढून भिरकावला,
म्हणजे मार दोघांना सारखा.

हा पुरावा नाही.
पुरावा साहेबांच्या टेबलावर आहे:
चार करारनामे, चार रंगांच्या फायली,
खोली एकच, तीनशे चार,
आणि बिल्डिंग अशी, की पाचवा स्लॅब पडायच्या आधीच
सिडकोची नोटीस चिकटलेली.
देणार, पद्माकर मढवी.
घेणारे चौघं, एकमेकांना अनोळखी.
चारही शेवटच्या पानांवर, खाली डावीकडे,
साक्षीदार क्रमांक दोन.
माझी सही, दर वेळी जरा जास्त तिरकी.

पहिल्या वेळी मला काही माहीत नव्हतं.
दुसऱ्या वेळी वाटलं, आधीचं मोडलं असेल.
चौथ्या वेळी कळलं.
तिसऱ्या वेळीही, खरं तर.
त्या दुपारी पद्यानं मला दिवाळ्याला बोयटं खायला नेलं
आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला,
काटा सांभाळ.

म्हणजे हक्क आहे मला. पुरेपूर आहे.
मी स्वच्छ असतो तर बोलावंच लागलं असतं.
मित्रासाठी गप्प बसायचं
तर आधी त्याच्याएवढं चिखलात उतरलेलं असावं लागतं,
दुसरा बूटही गेलेला.

काल रात्री त्याचा फोन होता.
"तू बोलणार नाय, मना म्हायती हाय."
धमकी नव्हती.
धमकी असती तर बरं झालं असतं.

"पैसे तुमच्यासमोर मोजले?"
या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नाही, मी म्हणालो.
साहेब रागावलेसुद्धा नाहीत.
हवालदारानं एका बोटानं टाइप केलं.
मी सवयीनं खिशातून पेन काढलं
तर म्हणाले, राहू द्या, जबाबावर सही नसते.

गेटापाशी वैजयंता सोनटक्के उभ्या होत्या,
ऐरोलीच्या दवाखान्यातली रात्रपाळी संपवून आलेल्या.
तिसरी फाईल, हिरवी.
"तुम्ही होतात ना तिथं?
मला पेन तुम्हीच दिलं होतं."

इथं वकील नव्हते. टाइप करणारं कोणी नव्हतं.
"होतो," मी म्हणालो.
मग, थोड्या वेळानं, "मला माहीत होतं."

त्या ओरडल्या नाहीत.
समोर बस लागत होती, त्या पिशवीत सुटे पैसे शोधत होत्या.
"धरा जरा," म्हणाल्या
आणि साहेबांना दाखवायला आणलेली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी माझ्या हातात दिली.
कागद एका कोपऱ्यात फाटला होता.
आत सोनटक्के, खाली ३०४,
आणि स्क्रूसाठी पाडून घेतलेली
चार भोकं.